अंगावरचा डाग

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि सकाळची शाळा असूनहि उकाड्यानें वर्गांत बसवत नव्हतें. अशा दिवसांत इयत्ता आठवीचा एक विद्यार्थी पुऱ्या बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत गुंड्या लावून, घालून येत असे. कवायतीच्या तासाला बाह्या वर सारण्यास सांगितलें तेव्हां त्यानें नुसती मान खालीं घातली. मागाहून शिक्षकांच्या खोलींत एकट्याला बोलावून पाहिलें, तों दंडापासून मनगटापर्यंत लालसर कडीं पसरलेलीं. गजकर्ण! वर्षभर तो मलमाच्या नळ्या विकत घेऊन चोळीत होता आणि वर्षभर तें वाढत होतें. घरीं आईलाहि त्यानें दाखविलें नव्हतें. “मुलें जवळ बसणार नाहींत, सर,” एवढेंच तो म्हणाला.

पोटांत कळ आली तर मनुष्य ओरडून सांगतो. दाढ दुखूं लागली तर सारें घर जागें करतो. कातडीचें दुखणें मात्र तो झांकून ठेवतो. इतर रोग शरीराच्या आंत असतात, हा लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. आणि आपल्या भाषेंत अंगावरचा डाग व नांवाला लागलेला डाग यांना शब्द एकच आहे. यंदाच्या अंकासाठीं कांहीं लिहावें अशी सूचना झाली तेव्हां म्हणूनच हा विषय घेतला. मी डॉक्टर नव्हें, शास्त्र शिकविणारा शिक्षक आहें. तेव्हां या लेखाचा उपयोग रोग ओळखून वेळेवर डॉक्टरांकडे जाण्यापुरता करावा, डॉक्टरांच्या ऐवजीं नव्हे.

त्वचा म्हणजे शरीरावर घातलेली नुसती खोळ नव्हे. प्रौढ मनुष्याची त्वचा पसरली तर सुमारें दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापील. तिच्या वरच्या थराच्या तळाशीं नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि सुमारें महिन्याभरानें मृत होऊन गळून पडतात. त्याच तळाशीं रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. खालच्या थरांत रक्तवाहिन्या, घर्मग्रंथि, केंसांचीं मुळें आणि स्पर्श, उष्णता व वेदना यांची वर्दी मेंदूला देणारे मज्जातंतु असतात. पुढें सांगावयाचे रोग यांपैकीं निरनिराळ्या ठिकाणीं घर करतात, म्हणून एवढें ध्यानांत असूं द्यावें.

वसतिगृहांत पहिला मान खरजेचा. खरूज घाणीनें होते असा समज आहे. तो खरा नाहीं. ती स्वच्छ घरांतहि येते. तिचें कारण कोळी व गोचीड यांच्या कुळांतला, आठ पायांचा एक सूक्ष्म जीव होय. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असते. ती कातडीच्या वरच्या थरांत बीळ पोखरीत जाते व रोज दोन-तीन अंडीं घालते. तीन-चार दिवसांत तीं फुटतात. मौज अशी कीं, साधारण रोग्याच्या अंगावर पुरे वाढलेले असे जीव दहा-पंधराच असतात. एवढ्यांनीं सारें अंग पेटून उठतें, कारण खाज सुटते ती चावण्यामुळें नव्हे, तर त्यांच्या अंगाचा व विष्ठेचा शरीराला जो तिटकारा येतो त्यामुळें. हा तिटकारा उत्पन्न होण्यास पहिल्या वेळीं तीन ते सहा आठवडे लागतात. तोंवर मुलगा निरोगी दिसतो आणि शेजारच्यास खरूज देत असतो.

या जीवाचा शोध कसा लागला हें विद्यार्थ्यांनीं ऐकण्यासारखें आहे. इटलींतील बोनोमो नांवाच्या वैद्यानें १६८७ मध्यें रेडी या विद्वानास लिहिलेल्या पत्रांत, खरजेचें कारण हाच जीव होय असें स्पष्ट लिहिलें. गरीब बायका आपल्या खरजुल्या मुलांच्या कातडींतून टांचणीनें कांहीं तरी टोकरून काढतात, हें त्याच्या पाहण्यांत आलें होतें. विद्वानांस तें पटलें नाहीं. पुढें जवळजवळ दीडशें वर्षांनीं, १८३४ मध्यें, कॉर्सिका बेटांतील एका विद्यार्थ्यानें पॅरिसच्या रुग्णालयांत सर्वांसमक्ष सुईच्या टोंकावर तो जीव काढून दाखविला. ही युक्ति तो आपल्या मुलखांतील बायकांकडून शिकला होता. जें आयांना ठाऊक होतें तें कबूल करावयास वैद्यांना इतकीं वर्षें लागलीं!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमध्यें खरजेचा सुळसुळाट झाला, तेव्हां शेफील्ड येथें केनेथ मेलनबी यांनीं १९४१ पासून कांहीं स्वयंसेवकांवर प्रयोग केले. युद्धांत शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीनें नकार देणारे हे तरुण होते. खरजुल्या सैनिकांचे न धुतलेले आंतले कपडे ते अंगांत घालीत, त्यांच्या घोंगड्यांत निजत. तरीहि फार थोड्यांना खरूज झाली. ती मुख्यतः अंगाला अंग लागून, एका अंथरुणांत निजून पसरते, असें यावरून सिद्ध झालें. म्हणून सारें घर धुऊन काढण्यांत शक्ति वेंचण्यापेक्षां घरांतील सर्व माणसांनीं एकाच रात्रीं औषध लावणें अधिक महत्त्वाचें आहे. ज्याला खाज नाहीं त्यानेंहि लावावें. नेमका तोच चुकतो, आणि महिन्यानें खरूज पुन्हां दारांत उभी!

बोटांच्या बेचक्या, मनगटें, कांखा, कंबर, बेंबीचा भोंवताल, ढुंगण हीं तिचीं आवडतीं ठिकाणें. खाज रात्रीं वाढते. पूर्वीं गंधकाचें मलम लावीत, तें आजहि चालतें. आतां डॉक्टर बहुधा पांच टक्के परमेथ्रीनचें मलम देतात. तें गळ्यापासून तळपायांपर्यंत, नखांच्या खालीं व बेचक्यांतहि, रात्रीं लावून किमान आठ तास ठेवावें आणि आठवड्यानें पुन्हां लावावें. तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्या डोक्यालाहि लागतें, म्हणून तें डॉक्टरांना विचारूनच करावें. गेल्या तीन दिवसांतले कपडे व चादरी कढत पाण्यानें धुवाव्यात, एवढें पुरे. औषधानंतरहि दोन-चार आठवडे खाज राहते. ती मेलेल्या किड्यांची खाज होय. तेवढ्यावरून पुन्हां पुन्हां मलम थापूं नये. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानें आंघोळ घालण्याची आपल्याकडे चाल आहे. ती अवश्य घालावी, पण बिळांतल्या मादीला तिचा धाक वाटेल या भरंवशावर राहूं नये. दुर्लक्ष केल्यास खाजविलेल्या जागीं पू होतो आणि त्यांतील कांहीं जंतूंमुळें पुढें मूत्रपिंडाला सूज येऊं शकते.

आतां त्या पुऱ्या बाह्यांकडे वळूं. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा रोग. भाकरीवर जशी बुरशी येते तशाच जातीचे हे जीव, मृत पेशींच्या थरावर उपजीविका करणारे. मधोमध बरें होत जातें व कडा पुढें सरकत जाते, म्हणून कडें दिसतें. पावसाळ्यांत कोंकणांत ज्याची भाजी करतात त्या टाकळ्याचें संस्कृत नांव चक्रमर्द, म्हणजे चक्र चिरडणारा. यावरून हा रोग आपल्या पूर्वजांच्या किती परिचयाचा होता हें कळेल.

घामानें ओले कपडे, घट्ट विजारी, एकमेकांचे पंचे वापरणें, यांनीं तो पसरतो. परंतु अलीकडे भारतांत तो इतका बळावला व हट्टी झाला, त्याला आणखी एक कारण आहे. दुकानांत चिठ्ठीवांचून मिळणाऱ्या अनेक नळ्यांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉईड मिसळलेलें असतें. त्यानें लाली व खाज दोन दिवसांत ओसरते, मुलगा खूष होतो. पण बुरशीशीं झगडणारी शरीराची शक्तीच त्यानें दबते आणि बुरशीला मोकळें रान मिळतें. कातडी पातळ पडते, तिच्यावर कायमचे वळ उमटतात. त्या मुलाच्या नळीवर बारीक अक्षरांत ‘क्लोबेटासोल’ असें छापलेलें होतें. ‘बीटामेथासोन’ हेंहि त्याच जातीचें. पालकांनीं नळीवरचीं हीं नांवें वाचावयास शिकावें. २०१८ मध्यें भारत सरकारनें अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. तरी मागितलें तर मिळतें, हें माझ्याप्रमाणें तुम्हांसहि ठाऊक आहे. योग्य औषध कड्याच्या बाहेर दोन बोटें जागेपर्यंत लावावें व डाग गेल्यावरहि दोन आठवडे चालू ठेवावें. रोग अंगभर असेल तर गोळ्या घ्याव्या लागतात. आमच्या विद्यार्थ्यास तीन महिने लागले. जून संपतां संपतां त्याच्या बाह्या कोंपरापर्यंत वर आल्या.

घामोळें व उन्हाळ्यांतील पुळ्या यांविषयीं विशेष सांगावयास नको. सैल सुती कपडे व गार पाणी एवढ्यानें घामोळें जातें. पू धरणाऱ्या पुळ्या मात्र पिळूं नयेत.

खरा घोंटाळा पांढऱ्या डागांचा आहे, आणि तो पुरातन आहे. पवित्र शास्त्रांतील लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत याजकानें डाग पाहून मनुष्याला सात दिवस वेगळें ठेवावें व पुन्हां पाहावें असें सांगितलें आहे. आपण ज्याला महारोग म्हणून वाचतों तो मूळ शब्द अनेक चर्मविकारांना, इतकेंच नव्हे तर कपड्यावरील चट्ट्यालाहि लावलेला आहे. इकडे चरकसंहितेंत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून दद्रु, म्हणजे आपलें गजकर्ण, त्यांतच मोडतें. एका नांवाखालीं कित्येक निरपराधी भरडले गेले असतील! लहान मुलांच्या गालांवरील फिकट, कोरडे चट्टे जंतांमुळें येत नाहींत. ते कोरड्या त्वचेचे असून कालांतरानें आपोआप जातात. छातीपाठीवरचीं शिबीं ही प्रत्येकाच्या अंगावर राहणाऱ्या एका बुरशीची करणी. औषधानें ती मरते, रंग परत येण्यास मात्र कांहीं महिने लागतात. आणि कोड? त्यांत शरीराची संरक्षक शक्ति भ्रमानें आपल्याच रंग करणाऱ्या पेशींचा नाश करते. तें स्पर्शानें लागत नाहीं, दूध व मासे एकत्र खाल्ल्यानें होत नाहीं. त्याला ‘पांढरें कुष्ठ’ म्हणणें हें अज्ञान आहे, आणि मुलीचें लग्न त्यावरून मोडणें हा अन्याय आहे.

महारोग तेवढा खरोखर निराळा. नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं १८७३ मध्यें त्याचा जंतु शोधला. हा जंतु त्वचेबरोबर मज्जातंतूंत शिरतो. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासानें, नाकातोंडांतून उडणाऱ्या तुषारांनीं तो पसरतो. पण बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ति त्याला दाद देत नाहीं. वेल्लोर येथील डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४७ नंतरच्या आपल्या कामांत दाखवून दिलें कीं, रोग्यांचीं बोटें रोगानें झडत नाहींत; वेदना कळत नसल्यामुळें भाजून, कापून, क्वचित् रात्रीं उंदरांनीं कुरतडून तीं जातात.

हें मीं वाचलेलें होतें. तरीहि कांहीं वर्षांपूर्वीं वसतिगृहांतील एका मुलानें चुलीवरचें तापलेलें पातेलें उघड्या हातानें उतरविलें आणि मुलें त्याला ‘पोलादी’ म्हणूं लागलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर मीहि हंसलों. संध्याकाळीं त्याच्या करंगळीवर मोठा फोड होता आणि तो कशानें आला हें त्याला सांगतां येईना. कोंपराच्या वर रुपयाएवढा फिकट डाग होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून त्याकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें. सरकारी दवाखान्यांत सहा महिने मोफत गोळ्या मिळाल्या. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेली अनेक औषधांची ही एकत्र योजना आहे. रोग अधिक पसरलेला असल्यास ती बारा महिने घेतात. औषध सुरू होतांच संसर्गाचें भय लवकरच संपतें, म्हणून तो मुलगा वसतिगृहांतच राहिला व शालान्त परीक्षेस बसला. करंगळींतील संवेदना पुरती परत आली नाहीं. आणखी दोन महिने आधीं पाहिलें असतें तर, असें मला अजून वाटतें.

महारोग्यांस कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ मध्यें रद्द झाला. त्या रोगावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्यें गेली. जगांतील नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक मात्र आजहि आपल्या देशांत सांपडतात. तेव्हां पालकांनीं एवढें करावें. मुलाला आंघोळ घालतांना पाठ, दंड, मांड्या उजेडांत पाहाव्यात. फिकट किंवा तांबूस, न खाजणारा, कोरडा डाग दिसला तर मुलाला डोळे मिटावयास सांगून कापसाची वात त्या जागीं व भोंवतालच्या चांगल्या कातडीवर आळीपाळीनें हलकेच टेकवावी, आणि जेथें स्पर्श कळेल तेथें बोट ठेवावयास सांगावें. स्पर्श कळला तरी डाग महिनोन् महिने तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवावा, कारण कांहीं प्रकारांत बधिरता आरंभीं नसते. आणि डागावर चार वेळां वात टेकवून मुलानें एकदांहि बोट ठेविलें नाहीं, तर दुसऱ्याच दिवशीं त्याला दवाखान्यांत न्यावें. त्या दिवसाच्या गैरहजेरीसाठीं चिठ्ठी आणण्याची गरज नाहीं.