थांब म्हणणारा मित्र

(मैदानावर खेळाडू दिसतात, प्रशिक्षक दिसतात. त्यांच्याबरोबर आणखी एक माणूस असतो. तो गोल करत नाही, शिट्टीही वाजवत नाही. त्याच्या कामाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, मराठी आणि उर्दू या भाषांत पुष्कळ शब्द सारखे आहेत. मैदान, जखम, इलाज, दवाखाना, कसरत हे शब्द तुम्हांला समजावून सांगावे लागत नाहीत. पण एक शब्द फसवा आहे. तो म्हणजे 'जिद्द'. उर्दूत 'ज़िद' म्हणजे हट्ट. घरी आई रागावून म्हणते, "ज़िद मत करो." मराठीत मात्र जिद्दी मुलाचे कौतुक होते, कारण इथे जिद्द म्हणजे पक्का निश्चय. दुखऱ्या पायाने खेळायला निघालेल्या मुलाजवळ यांपैकी कोणती जिद्द असते? एका प्रसंगातून हा प्रश्न माझ्यासमोर आला.

पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत कुडपण नावाचे गाव आहे. प्रतापगडाचा परिसर तिथून जवळच आहे. पावसाळा संपताना आम्ही नववीच्या मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. हिरवे डोंगर पाहून मुले हरखून गेली. उतरताना वाट ओली होती. शेवाळलेल्या दगडावरून एका मुलाचा पाय घसरला आणि घोटा आत वळला. हा मुलगा आमच्या फुटबॉल संघाचा बचावपटू होता. तो लगेच उठला आणि हसून म्हणाला, "सर, काही नाही. रविवारी सामना आहे ना!"

त्या संध्याकाळी मी एक चूक केली. गरम तेलाने त्याच्या घोट्याला जोरात मालीश करून दिली आणि म्हणालो, "दोन दिवसांत पळशील." रविवारी त्याने घोट्यावर रुमाल घट्ट बांधला, वर मोजा चढवला आणि तो खेळायला उतरला. उत्तरार्धात त्याने उंच उडी मारून चेंडू डोक्याने परतवला. खाली येताना तोच पाय पुन्हा वळला. या वेळी मात्र त्याला उठता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. एक्स-रे काढला. सुदैवाने हाड मोडलेले नव्हते. घोट्याचे अस्थिबंध मात्र चांगलेच ताणले गेले होते. डॉक्टरांनी आम्हांला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवले. मॅडमनी पूर्वी कोल्हापुरात कुमार फुटबॉलपटूंबरोबर काम केले होते. कोल्हापुरात तालमींच्या नावाने फुटबॉल संघ आहेत आणि त्यांचे सामने पाहायला राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठी गर्दी होते, हे तुम्ही ऐकले असेल. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

मॅडमनी आधी पायाला हात लावला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. पाय कसा वळला? आवाज आला का? लगेच चालता आले का? पूर्वी कधी मुरगळला होता का? मग मला त्यांनी शांतपणे सांगितले, "सर, ताज्या दुखापतीला शेक आणि मालीश नको. त्याने सूज वाढते. पाय उंच ठेवावा, पट्टी बांधावी, जपावे. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा." मी मान खाली घातली.

मॅडमनी पुढे जे सांगितले ते तुम्ही नीट लक्षात ठेवा. मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. तिथूनच हाड वाढते. मोठ्या माणसाचा अस्थिबंध दुखावेल अशा धक्क्याने मुलाच्या या कूर्चेला इजा होऊ शकते. शिवाय उंची झपाट्याने वाढते तेव्हा मांडीचे स्नायू ताणलेले राहतात आणि गुडघ्याच्या खालचे हाड ओढतात. तिथे दुखते, कधी टेंगूळही येते. ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली या दुखण्याचे वर्णन केले. आजही त्याला त्यांचीच नावे आहेत. अशा वेळी खेळ थोडा कमी करावा लागतो. जे मूल दुखणे लपवते, त्याला मदत कशी करणार?

पूर्वी खेळाडू पडला की एक माणूस बादली आणि ओला स्पंज घेऊन धावत जाई. पाणी मारले की उपचार संपला! आज हे काम शास्त्र शिकून करावे लागते. बारावीला विज्ञान घेऊन फिजिओथेरपीची पदवी मिळवता येते आणि पुढे क्रीडा शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. आपल्या देशातील फिजिओथेरपीची पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली सुरू झाली.

या तज्ज्ञाचे निम्मे काम दुखापत होण्याआधीच सुरू होते. 'फिफा ११+' नावाची एक कसरत आहे. तिला सुमारे वीस मिनिटे लागतात. हळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांची आणि पोटाची ताकद वाढवणे, उडी मारून गुडघे किंचित वाकवून अलगद उतरणे, असे तिचे भाग आहेत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर तिची परीक्षा घेतली गेली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कसरत करणाऱ्या मुलींत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या होत्या. मुलींनो, हे तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना जास्त असतो. या कसरतीला महागडी साधने लागत नाहीत. शाळेचे अंगण पुरते.

दुसरे काम खेळाडूला पुन्हा उभे करण्याचे. आमचा बचावपटू रोज व्यायामाला जाऊ लागला. आधी न दुखता चालणे, मग एका पायावर उभे राहणे, मग सरळ धावणे, मग वळणे, त्यानंतर चेंडू आणि शेवटी सामना. एक पायरी न दुखता जमली की मगच पुढची. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते, म्हणून ही घाई महागात पडते.

तिसरे काम सर्वांत अवघड. ते म्हणजे 'नाही' म्हणणे. सामना रंगात आलेला असतो. प्रशिक्षक म्हणतात, "सोडा त्याला." पालक म्हणतात, "काही होत नाही." खेळाडू स्वतः डोळ्यांत पाणी आणून विनवतो. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, त्याला चक्कर आली किंवा त्याला उलटी झाली, तर त्या दिवशी तो पुन्हा खेळत नाही. यात सवलत नाही. अशा वेळी सगळे मैदान त्या एका माणसावर रागावते. तरीही तो बोलतो, कारण त्याला आजच्या सामन्याबरोबर त्या मुलाची पुढची वर्षेही दिसत असतात.

दोन महिन्यांनी आमचा खेळाडू मैदानावर परतला. आता संघाची कसरत तोच घेतो. गेल्या महिन्यात एका मोठ्या सामन्याच्या सकाळी तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, माझी पोटरी दुखतेय. आज मी बसतो. माझ्या जागी दुसऱ्याला घ्या." त्या दिवशी आम्ही एका गोलने हरलो. पण मुलांनो, मराठीतली 'जिद्द' मला त्या सकाळी दिसली.

शब्दार्थ
बचावपटू – गोल होऊ न देण्यासाठी खेळणारा खेळाडू
अस्थिबंध – दोन हाडे जोडणारा चिवट पट्टा
कूर्चा – मऊ, लवचीक ऊती
पोटरी – गुडघ्याखालचा पायाचा मागचा मांसल भाग
मान खाली घालणे – शरमणे

स्वाध्याय
१. लेखकाने कोणती चूक केली? ती चूक का होती?
२. मुलांनी दुखणे लपवू नये, याची पाठात आलेली कारणे लिहा.
३. 'जिद्द' या शब्दाचा उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
४. दोन्ही भाषांत असलेले, पण अर्थ वेगळा असलेले आणखी दोन शब्द शोधा.