प्लास्टिकमधील बीपीए आणि स्तनांचे आरोग्य



प्लास्टिकचा पाठ शिकवताना आपण कचऱ्याबद्दल भरपूर बोलतो. पण प्लास्टिकमधलं रसायन अन्नातून पोटात जाऊ शकतं, हे मात्र राहून जातं. आज अशाच एका रसायनाची माहिती घेऊया.

बीपीए म्हणजे काय?
बिस्फेनॉल ए म्हणजेच बीपीए. यापासून पॉलिकार्बोनेट हे कडक, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक बनतं. डबाबंद पदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून जो लेप देतात, त्यातही ते वापरलं गेलं आहे. हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं काम करतं, हे इंग्लंडमधील एडवर्ड डॉड्स यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. प्लास्टिकसाठी त्याचा मोठा वापर त्यानंतर सुरू झाला.

स्तनांशी संबंध कसा?
स्तनांची वाढ इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर होते. पेशी हे कुलूप समजा आणि इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. बीपीए ही नकली किल्ली. ती नीट बसत नाही, पण कुलूप थोडंफार फिरवते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. आईच्या पोटात असताना बीपीए मिळालेल्या माद्यांच्या स्तनग्रंथींची वाढ पुढे वेगळी झालेली दिसली. म्हणजे किती मात्रा गेली याबरोबरच ती कोणत्या वयात गेली, हेही महत्त्वाचं. म्हणून गरोदर माता, बाळं आणि वयात येणाऱ्या मुली यांच्याबाबत जास्त काळजी घ्यायची.

मात्र बीपीएमुळे माणसांत स्तनाचा कर्करोग होतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे घाबरून जाऊ नका, आणि आजारी बाईला "तू प्लास्टिक वापरलंस म्हणून" असं तर कधीच म्हणू नका. युरोपीय संघाने बाळांच्या बाटल्यांत बीपीए वापरायला २०११ मध्ये बंदी घातली, ती खबरदारी म्हणून.

आपण काय करू शकतो?
१) बाटलीच्या तळाचा त्रिकोण पाहा. १ आणि ५ क्रमांकाचं प्लास्टिक बीपीएपासून बनत नाही. ७ म्हणजे 'इतर'. पॉलिकार्बोनेट याच गटात येतं.
२) उष्णतेने बीपीए जास्त सुटतं. गरम वरण, दूध, चहा यांसाठी स्टीलच बरं.
३) चरे पडलेली जुनी कडक बाटली बदला.
४) 'बीपीए-मुक्त' लिहिलं म्हणजे निर्धास्त होऊ नका. काही वेळा त्याऐवजी बीपीएस हे त्याच्याच जातीचं रसायन वापरतात.

एक दिलासा म्हणजे पोटात गेलेलं बीपीए बहुतांशी एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे सवय आज बदलली, तर फायदाही लगेच सुरू होतो. आणि स्तनात गाठ जाणवली, तर प्लास्टिकचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.