सायकलीची निगा आणि रहदारीतील वर्तन

सायकल हे यंत्र इतके परिचयाचे आहे की, त्याविषयी मुद्दाम काही शिकावयाचे असते ही गोष्टच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तोल सांभाळता आला म्हणजे सायकल आली, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु तोल सांभाळणे हा केवळ पहिला धडा होय. सायकल सुस्थितीत ठेवणे हा दुसरा, आणि तिच्याहून कितीतरी जड व वेगवान वाहनांबरोबर एकाच रस्त्यावरून सुरक्षितपणे जाणे हा तिसरा. शेवटचे दोन धडे सामान्यतः निरनिराळे मानले जातात. एक दुकानातील कारागिराचा आणि दुसरा वाहतूक पोलिसाचा. वस्तुतः त्यांचा परस्परांशी फार निकटचा संबंध आहे. तो कसा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

एका रस्त्याचे उदाहरण

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनी नगर हा भाग वसलेला आहे. अमौसीचा विमानतळ आणि नादरगंजची औद्योगिक वसाहत त्याच्या शेजारीच आहेत. स्कूटर्स इंडिया ही १९७२ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी येथेच होती. २०२१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. येथून जाणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७ चा भाग होय. लांबच्या मालमोटारी, बसगाड्या, विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी, ई-रिक्षा आणि कामावर जाणाऱ्यांच्या सायकली अशी सर्व वाहने या पट्ट्यात एकत्र येतात. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे किंवा महाराष्ट्रातील इतर औद्योगिक गावी राहणाऱ्या वाचकास हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

गंगेच्या मैदानातील या प्रदेशात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे धुके. डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत पहाटे येथे दाट धुके पडते. पन्नास मीटरांपलीकडील वस्तू दिसेनाशी झाली म्हणजे हवामानशास्त्र विभाग त्या धुक्यास ‘अतिदाट’ म्हणतो. कारखान्याची सकाळची पाळी गाठणारा कामगार नेमका याच वेळी रस्त्यावर असतो.

प्रश्न किरकोळ नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

अंतराचा हिशेब

एक मालमोटार ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे १६.७ मीटर वेगाने येत आहे असे मानू. पुढे अडथळा आहे हे चालकास दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्या अवधीत गाडी पूर्ण वेगाने २५ मीटर पुढे येते. ब्रेक लागल्यावर तिचा वेग दर सेकंदास ५ मीटर-प्रतिसेकंद या प्रमाणात कमी होतो असे धरले, तर थांबेपर्यंत ती आणखी सुमारे २८ मीटर जाते. एकूण अंतर ५३ मीटर झाले.

आता पुढील अडथळा म्हणजे त्याच दिशेने ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेली सायकल आहे असे समजा. चालकास गाडी पूर्ण थांबवावयाची नाही. तिचा वेग सायकलीच्या वेगाइतका कमी केला म्हणजे पुरे. दोहोंच्या वेगांतील फरक ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १२.५ मीटर आहे. हिशेब पूर्वीप्रमाणेच केला असता प्रारंभी दोहोंमध्ये सुमारे ३४ मीटर अंतर असले तरी टक्कर टळते.

या दोन आकड्यांची तुलना महत्त्वाची आहे. अतिदाट धुक्यात पन्नास मीटरांवरून दिसलेली चालती सायकल वाचू शकते; त्याच जागी चेन पडल्यामुळे उभी राहिलेली सायकल वाचत नाही. सायकलची निगा आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांचा संबंध हा असा आहे. रहदारीच्या मध्ये अकस्मात थांबण्याची वेळ येऊ न देणे हाच दुरुस्तीचा खरा हेतू होय. आणि तशी वेळ आलीच, तर दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी सायकल उचलून रस्त्याच्या पूर्ण बाहेर न्यावी.

चेन

सायकलीच्या चेनचा प्रत्येक सांधा पुढच्या सांध्यापासून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतरावर असतो. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पोलाद ताणलेले नसते. सांध्यांतील खिळे धूळ व घर्षण यांमुळे झिजतात. प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक येते आणि त्या सर्व मोकळिकींची बेरीज होऊन चेन लांबते. लांबलेली चेन चक्राच्या दात्यांवर नीट बसत नाही. पेडलवर जोर दिला की ती उडते किंवा खाली पडते. हे बहुधा चौक ओलांडण्याच्या घाईत घडते, कारण अधिक जोर त्याच वेळी दिला जातो.

चेनची परीक्षा साध्या फूटपट्टीने करता येते. एका खिळ्याच्या मध्यापासून मोजावयास आरंभ केला असता चोविसाव्या सांध्याचा खिळा बरोबर बारा इंचांवर आला पाहिजे. तो एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर पुढे गेला असेल, तर चेन बदलावी. अन्यथा ती दातेही खराब करते. दोन चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली केली असता सुमारे एक सेंटिमीटर हलावी. अधिक सैल असल्यास मागील चाकाचे नट ढिले करून चाक थोडे मागे ओढावे, ते दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या मधोमध आहे हे पाहावे आणि नट पुन्हा घट्ट आवळावेत. तेल देण्यापूर्वी चेन फडक्याने पुसून घ्यावी, कारण धुळीत मिसळलेले तेल कानशीचे काम करते. तेल सांध्यांत गेले पाहिजे. बाहेर राहिलेले तेल पुसून टाकावे.

टायर आणि ट्यूब

हवा भरलेला उपयुक्त टायर जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्ट येथील पशुवैद्याने १८८८ मध्ये प्रचारात आणला. आजही पंक्चर दुरुस्तीची पद्धत साधीच आहे. परंतु तिच्यातील प्रत्येक पायरीस कारण आहे.

ट्यूब बाहेर काढल्यावर प्रथम टायरच्या आतील बाजूवरून सावकाश बोटे फिरवावीत. बाभळीचा काटा किंवा काचेचा तुकडा आत राहिला असेल, तर नवे ठिगळ लावून काहीच उपयोग होत नाही. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडविली की बुडबुड्यांवरून छिद्र सापडते. शेजारी शेजारी दोन लहान चिरा आढळल्यास दोष काट्याचा नसतो. हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चेपली गेली असे समजावे.

छिद्राभोवतीचा भाग कोरडा करून कानशीने खरबरीत करावा. त्यामुळे रबरावरील गुळगुळीत व मळकट थर निघून जातो आणि सोल्युशनला चिकटण्यास ताजा पृष्ठभाग मिळतो. सोल्युशनचा पातळ थर लावून काही मिनिटे थांबावे. बहुतेक ठिगळे सुटतात ती येथे केलेल्या घाईमुळे. सोल्युशनमधील द्रव उडून गेल्याखेरीज रबर रबरास धरीत नाही. ओल्या थरावर दाबलेले ठिगळ आत द्रव कोंडून ठेवते. थर बोटास चिकटेनासा झाला म्हणजे ठिगळ मध्यापासून कडांकडे दाबीत बसवावे.

छिद्र सापडत नाही आणि तरीही रात्रीतून हवा जाते, असे झाल्यास वॉल्व्ह तपासावा. जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. उष्णतेने ती कुजते. तिची किंमत क्षुल्लक असल्याने एक-दोन नळ्या जवळ बाळगणे चांगले.

ब्रेक

ब्रेक लावताच सायकल व स्वार यांचा भार पुढील चाकावर सरकतो आणि मागील चाक हलके होते. म्हणून केवळ मागील ब्रेक लावला तर चाक घसरते आणि थांबण्यास अंतर पुष्कळ लागते. केवळ पुढील ब्रेक एकदम दाबला तर स्वार पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. दोन्ही ब्रेक एकत्र व क्रमाक्रमाने दाबावेत. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल कोरड्या रस्त्यावर केवळ मागील ब्रेकने सुमारे ५ मीटरांत थांबत असेल, तर दोन्ही ब्रेकांनी ती त्याच्या जवळपास निम्म्या अंतरात थांबू शकते.

पोलादी रिम भिजली की ब्रेकची पकड फार कमी होते. पावसात चौक येण्यापूर्वीच ब्रेक हलकेच दाबून ठेवावा, म्हणजे रिमवरील पाणी पुसले जाते. रबरी गुटके झिजून धातूचा भाग रिमला लागण्याच्या आत बदलले पाहिजेत.

दिसणे

चाकावर घासून फिरणारा डायनॅमो सायकल थांबताच बंद होतो आणि दिवा विझतो. म्हणजे दिव्याची गरज अधिक असते त्याच क्षणी तो नाहीसा होतो. यास्तव मागील बाजूस लाल परावर्तक अवश्य असावा. परावर्तकात परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांचे असंख्य सूक्ष्म कोपरे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश तीन वेळा परावर्तित होऊन आला त्याच दिशेने परत जातो. साहजिकच मोटारीच्या दिव्याचा प्रकाश तिच्या चालकाकडे परततो. मात्र परावर्तक सरळ मागे तोंड करून असला पाहिजे. तो चिखलाने माखलेला किंवा कॅरिअरवरील पिशवीने झाकलेला असल्यास नसल्यासारखाच होय. अंधारात व धुक्यात फिकट रंगाचे कपडे घालणे आणि बॅटरीचा मागील दिवा लावणे हेही हितावह आहे.

रस्त्यावरील जागा

डाव्या बाजूने चालावे हा नियम सर्वांस ठाऊक असतो. परंतु डावीकडे म्हणजे अगदी कडेस नव्हे. कडेस वाळू, गटारांच्या जाळ्या आणि डांबराची खचलेली धार असते. ती चुकविण्यासाठी स्वारास एकाएकी उजवीकडे वळावे लागते, आणि मागून येणाऱ्या चालकास त्या वळणाची कल्पना नसते. कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ रेषेत चालणे अधिक सुरक्षित असते. उभ्या मोटारींच्या जवळून जाताना त्यांचे दार उघडले तरी लागणार नाही इतके अंतर ठेवावे.

दुभाजकातील पुढील वळणापर्यंतचा फेरा वाचविण्यासाठी उलट दिशेने जाणे ही घातक सवय होय. वर घेतलेल्या उदाहरणात, पन्नास मीटर अंतर असताना त्याच दिशेने जाणारा सायकलस्वार चालकास चार सेकंदांचा अवधी देतो. समोरून येणाऱ्या स्वाराच्या बाबतीत दोन्ही वेगांची बेरीज होते आणि अवधी केवळ २.४ सेकंदांचा उरतो.

लांब मालमोटारीच्या डाव्या बाजूस तर कधीही थांबू नये. तेथील सायकल उंच बसलेल्या चालकास दिसत नाही. शिवाय असे वाहन डावीकडे वळते तेव्हा मागील चाके पुढील चाकांच्या मार्गाने न जाता कोपऱ्याच्या जवळून आतून जातात, आणि सायकलस्वार नेमका त्याच जागी अडकतो. सिग्नलपाशी अशा वाहनाच्या मागे थांबणेच योग्य.

मोटारचालक व शासन यांचे कर्तव्य

सायकलस्वाराने सर्व काही नीट केले तरी अर्धेच काम होते. खड्डा किंवा वाऱ्याचा झोत आला असता सायकल बाजूस हेलकावणारच. तो तिच्या तोलाचाच भाग आहे. म्हणून तिला मागे टाकताना पुरेसे अंतर सोडणे हे मोटारचालकाचे कर्तव्य होय. जर्मनीने २०२० मध्ये हे अंतर वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर असे नियमानेच ठरवून दिले. तेवढी जागा नसेल तर चालकाने मागे राहावे. त्यात त्याचे काही सेकंद जातात. उलट पक्षी एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

ज्या रस्त्यावर वेगांतील फरक फार मोठा आहे, तेथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग असणे हाच स्थायी उपाय आहे. परंतु असा मार्ग बांधून काम संपत नाही. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या की सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो, आणि तोही अकस्मात.

निगेचा क्रम

दररोज निघण्यापूर्वी : टायर अंगठ्याने दाबून हवा पाहावी, दोन्ही ब्रेक व घंटी तपासावी, परावर्तक पुसावा.

दर आठवड्यास : हवा भरावी, चेन पुसून तेल द्यावे, टायरमध्ये रुतलेले खडे काढावेत.

दर महिन्यास : चेनची लांबी व सैलपणा मोजावा, चाकांचे नट, पेडल व हँडल घट्ट आहेत हे पाहावे, सैल स्पोक आढळल्यास कारागिराकडून चाक सरळ करून घ्यावे.

स्वाध्याय

१. मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने येत असल्यास उभ्या सायकलीपूर्वी थांबण्यास तिला किती अंतर लागेल? वरील पद्धतीने काढा. (उत्तर : सुमारे २९ मीटर.)

२. आपल्या सायकलीच्या चेनचे चोवीस सांधे मोजा व ती बदलण्याजोगी झाली आहे काय ते ठरवा.

३. आपल्या नेहमीच्या वाटेवर सायकल अकस्मात थांबल्यास चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागा कोणत्या, त्यांची नोंद करा.