घटक ४ : दुसरी भाषा म्हणून इंग्रजीचे अध्यापन आणि दूरशिक्षण

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• दूरशिक्षणातील ‘अंतर’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• ‘दुसरी भाषा’ व ‘परकी भाषा’ यांतील भेद सांगता येईल.
• इंग्रजी शिकवणाऱ्या छापील पाठाचे सामर्थ्य व मर्यादा सोदाहरण मांडता येतील.
• मराठी भाषकांसाठी दूरशिक्षणाच्या पाठाची आखणी करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. या सोयींमुळे नोकरी व संसार सांभाळून पदवी घेणे अनेकांना शक्य झाले. इतिहास किंवा अर्थशास्त्र घरी वाचून बऱ्याच अंशी समजून घेता येते. भाषा मात्र ज्ञानाबरोबरच कौशल्यही आहे. ती ऐकावी व बोलावी लागते. मग ती दुरून शिकवता येईल काय?

४.३ ‘अंतर’ म्हणजे काय?

अमेरिकेतील अभ्यासक मायकेल मूर यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसून शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील समजुतीचे असते. संवाद वाढला की ते कमी होते. पाठाची रचना ताठर असेल आणि संवाद नसेल, तर ते वाढते. हे अंतर जितके अधिक, तितके विद्यार्थ्याला स्वतःच्या अध्ययनाची सूत्रे स्वतःकडे घ्यावी लागतात.

मुंबईच्या उपनगरांत याचा प्रत्यय येतो. मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल सांताक्रूझ पूर्वेस, कलिना येथे आहे. पश्चिम रेल्वेवरील बोरिवली किंवा मध्य रेल्वेवरील मुलुंड नकाशावर तेथून फार दूर नाही. २०१४ पासून मेट्रोने घाटकोपर व अंधेरी थेट जोडले आहेत. तरीही संध्याकाळी सात वाजता कामावरून सुटणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ग गाठता येत नाही. येथे अंतर वेळेचे आहे, आणि त्याहून अधिक, ऐकून घेणारे कोणी नसण्याचे आहे.

४.४ दुसरी भाषा आणि परकी भाषा

जी भाषा मातृभाषा नसली तरी समाजाच्या व्यवहारात नित्य वापरली जाते, तिला दुसरी भाषा म्हणतात. जी प्रामुख्याने वर्गातच भेटते, ती परकी भाषा. बँक, न्यायालय, कार्यालय यांमुळे अंधेरीतील विद्यार्थ्याला इंग्रजी ‘दुसरी’ ठरते. आसपास ती क्वचितच ऐकू येणाऱ्या खेड्यातील विद्यार्थ्याला ती परकीच्या जवळ जाते. घाटकोपर व मुलुंड येथे मराठीबरोबर गुजराती व हिंदीही कानांवर पडतात. तेव्हा ‘दुसरी’ हा क्रमांक नव्हे, भाषेचे कार्य होय.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. त्यापूर्वी ती पाचवीपासून शिकलेल्या प्रौढांना ती वाचता येते, पण बोलताना संकोच वाटतो. हा संकोच बुद्धीच्या उणिवेचा नव्हे, सरावाच्या अभावाचा आहे.

४.५ छापील पाठ : सामर्थ्य व मर्यादा

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधारे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. मातृभाषेच्या आधाराने दुसरी भाषा उलगडणे, हे अशा पाठांचे सामर्थ्य होय. पुढील वाक्ये पाहा :

मला ताप आहे. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. घराला दोन दारे आहेत.

मराठीत येथे ‘असणे’ हे क्रियापद आणि ‘ला’, ‘कडे’ यांची योजना होते. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘हॅव’ची रूपे चालतात. ‘ला’साठी स्वतंत्र शब्द शोधणारा विद्यार्थी अडखळतो. त्याला कोठे व का अडखळायला होईल, हे मराठी जाणणारा पाठलेखक आधीच सांगू शकतो.

मर्यादा उच्चारात दिसते. स्थानकावरील ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. तिचा आरंभ ओठांचा चंबू करून होतो. बनियनसाठीच्या ‘व्हेस्ट’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. पुस्तक हे सांगते. पण विद्यार्थ्याने काय उच्चारले ते पुस्तकाला ऐकू येत नाही.

४.६ पाठाची आखणी

१. प्रत्येक पाठात मराठी व इंग्रजी रचनांची तुलना द्यावी.
२. विद्यार्थ्याने दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून समंत्रकाकडे पाठवावे.
३. समंत्रकाने एका वेळी एकदोनच चुका दाखवाव्यात. सर्व चुकांवर लाल खूण केल्यास प्रौढ विद्यार्थी बोलणेच थांबवतो.
४. संपर्कसत्रात व्याख्यान टाळून संभाषणाला वेळ द्यावा. जे वाचता येते ते घरी वाचावे.
५. एकाच गाडीने प्रवास करणाऱ्या दोघातिघांनी अभ्यासगट करावा.

४.७ सारांश

भाषेच्या दूरशिक्षणात केवळ साहित्य पुरेसे नसते. प्रतिसाद आवश्यक असतो. मराठीचा आधार आणि वेळेवर मिळणारा प्रतिसाद यांची जोड असेल, तर इंग्रजी दुरूनही शिकवता येते. यांपैकी प्रतिसाद वगळला, तर विद्यार्थी उत्तीर्ण होईल, परंतु बोलू लागेलच असे नाही.

४.८ स्वाध्याय

१. आपल्या संदर्भात ‘अंतर’ कोणत्या प्रकारचे आहे, ते दहा ओळींत लिहा.
२. मराठीत ‘मला’ने सुरू होणारी पाच वाक्ये घेऊन त्यांच्या इंग्रजी रचनांशी तुलना करा.
३. आपल्या कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या एका इंग्रजी संभाषणावर आधारित पाठाची आखणी करा. त्यात प्रतिसाद कोण, केव्हा व कसा देईल, ते स्पष्ट करा.