डबा घेऊन बसलेल्या आईसाठी

बाल न्याय मंडळाच्या बाहेरच्या बाकावर परवा एक आई मांडीवर डबा घेऊन बसली होती. शेजारी सोळा वर्षांचा मुलगा. सकाळपासून दोघांनी काही खाल्लं नव्हतं. वडील लांब, फाटकापाशी, पाठ करून उभे. पोरानं दोन मित्रांबरोबर रस्त्यावर लावलेली मोटरसायकल नेली होती. पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि कालव्याच्या कडेला टाकून दिली. आई मला पुन्हापुन्हा सांगत होती, "तो तसा नाहीये हो बाई, संगत वाईट लागली." वडील एवढंच बोलले, "आमच्या लेखी तो संपला."

शाळेतली नोकरी संपल्यापासून मी अशा मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून जाते. ही दोन वाक्यं तिथे फार ऐकली. एकात चूक झालेलीच नसते, दुसऱ्यात मुलगाच उरलेला नसतो. "हो, मी नेली गाडी," एवढं कबूल करायला त्या पोरानं जायचं कुणाकडे? आणि ते त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आलीच, तर आधी घाबरणं थांबवा. २०१५ चा बाल न्याय कायदा अठराच्या आतल्या मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक स्त्री. साध्या चोरीसारख्या प्रकरणात, बरोबर कुणी सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआरही नोंदवत नाहीत. पोलीस डायरीत नोंद करून मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देतात. पुढे मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, गटसमुपदेशनाला बसवू शकतं, समाजसेवा करायला सांगू शकतं. अशा प्रकरणाचा डाग नोकरीच्या आड येऊ नये, ठरावीक मुदतीनंतर कागदही नष्ट व्हावेत, अशी तरतूद आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. म्हणून "पैसे देऊन मिटवून टाकू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पैशानं मिटलं तर मुलगा तेवढंच शिकतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन जीव गेले आणि जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हापासून लोक मला रागानं विचारतात, "हाच का तुमचा कायदा?" तो राग मला कळतो, माझ्याही मनात तो होता. पण त्या रागाचे चटके आज दुसऱ्याची गाडी फिरवून आणणाऱ्या रिक्षावाल्याच्या पोराला बसताहेत.

आम्ही स्वयंसेवक करतो ती कामं अगदी साधी. तारखेची आठवण करायची. वयाच्या पुराव्यासाठी जुन्या शाळेतून दाखला मिळवायचा. शाळेनं नाव कमी केलेलं असतं, मग दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा, आणि नंतर खरोखरच त्याच्याबरोबर बीजगणित घेऊन बसायचं. समाजसेवेचा आदेश असला तर बागेत, दवाखान्यात, म्हाताऱ्या माणसांत त्याच्यासोबत राहायचं. एका वृद्धाश्रमात आमचा एक मुलगा रोज संध्याकाळी एका आजोबांना पेपर वाचून दाखवायचा. एक दिवस तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा त्याच्यावर जाम चिडले. मला म्हणाला, "बाई, मी आलो नाही म्हणून कोणी पहिल्यांदाच ओरडलं. आल्यावर सगळेच ओरडतात."

दुसरा एक गाडी चोरण्यातच पकडलेला. ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना सगळं खरं सांगून त्याला संध्याकाळी काम शिकायला पाठवलं. पहिल्याच दिवशी काकांनी गिऱ्हाइकाच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि चौकापर्यंत फेरी मारून ब्रेक बघून यायला सांगितलं. दहा मिनिटं मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. तो परत आला, ब्रेक ढिला आहे म्हणाला. सगळेच असे परत येत नाहीत. एक मुलगा दोनदा घसरला, त्याच्यासाठी मी अजून कमी पडते.

पण आमचं काम संध्याकाळी सातला संपतं, मुलगा तुमच्या घरी येतो. तो जेवायला बसला की रोज तो विषय काढू नका. चुलत्या-मामांसमोर तर नकोच. त्यानं केलेलं नुकसान मात्र त्याला भरू द्या, मालकाची माफी त्यालाच मागू द्या. तुम्ही नुसते बरोबर चला.

आणि ज्यांच्या घरावर ही वेळ आलेली नाही, त्यांनाही माझं सांगणं आहे. बाकावर बसलेल्या त्या मुलाचा सीसीटीव्हीतला फोटो त्यांच्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. चौकशी चाललेल्या मुलाची ओळख अशी उघड करायला कायद्याची बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. फोटो टाकणारी माणसं वाईट नव्हती, आपापल्या मुलांची काळजी करणारी होती. पण आता क्रिकेटला त्याला कुणी घेत नाही. मग त्याला घ्यायला कोण उरतं? ज्यांच्याबरोबर गाडी नेली, तेच.

त्या दिवशी शेवटी मीच डबा उघडला. पोळी आणि बटाट्याची भाजी होती, गार झालेली. आम्ही तिघांनी खाल्ली, एक पोळी वडिलांसाठी ठेवली. पुढची तारीख बारा तारखेला आहे. काल वडिलांना फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, रजा मिळते का बघतो.