सारंगखेड्याच्या यात्रेसाठी जुना वाडा भाड्याने घेताय? आधी हे विचारा

सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होतो. 2026 मध्ये दत्तजयंती 23 डिसेंबरला आहे. नाताळची सुट्टी लागूनच येते, म्हणून मुक्कामाची सोय आधी आणि यात्रेचे बाकीचे बेत नंतर.

हॉटेलांसाठी दोंडाईचा, शहादा किंवा नंदुरबार गाठावे लागते. गावातच राहायचे तर यात्रेच्या काळात तंबूंची सोय होते का ते पाहा, नाहीतर एखादे जुने माडीचे घर किंवा वाडा काही दिवसांसाठी घ्या. आठ-दहा जणांच्या कुटुंबाला किंवा घोडे घेऊन येणाऱ्यांना वाडा सोयीचा पडतो. अंगण असते, ओटा असतो, स्वयंपाक करता येतो. पण वाड्याला स्वागतकक्ष नसतो आणि दरपत्रकही नसते. जे ठरेल ते तुम्ही आणि मालक यांच्यातच ठरते, त्यामुळे फसायच्या जागाही इथेच.

भाडे किती, हे शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा, की घर कुणाच्या नावावर आहे? जुन्या वाड्याला सहसा एकच मालक नसतो. एक भाऊ गावात, दुसरा नाशिकला, बहीण सुरतेला, काकांचा हिस्सा वेगळा. गावातल्या भावाने हो म्हटले, आगाऊ रक्कम घेतली, आणि यात्रेच्या आदल्या दिवशी नाशिकचे कुटुंब चाव्या घेऊन दारात उभे राहिले, तर तुमच्या हातात काय उरते? ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती मागा. हा उतारा कर आकारणीचा असतो. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण कुणाकुणाची नावे लागली आहेत ते कळते. स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर ती पाहणे अधिक चांगले. नावे अनेक असतील तर बाकीच्यांची संमती लेखी घ्या. त्यांच्या फोनवरून आलेला साधा संदेशही चालेल, पण तो हवाच.

म्हणून बोलणी दिवाळीतच करा. त्या चार दिवसांत सगळी भावंडे गावी असण्याची शक्यता जास्त. एका बैठकीत होकार मिळतो, घर समक्ष बघता येते आणि दरही यात्रा तोंडावर आल्यावर सांगतात त्यापेक्षा सौम्य असतो.

दुसरा प्रश्न: कोणत्या खोल्या तुमच्या? ‘पूर्ण वाडा’ या शब्दांवर विसंबू नका. देवघर, धान्याची कोठी आणि मालकाच्या सामानाची एखादी खोली बहुधा बंदच राहते. ते योग्यच आहे, पण आधी कळायला हवे. मालकाचे कुटुंब मागच्या बाजूला राहणार असेल तर स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी सामाईक आहे का, हे स्पष्ट विचारा. घरात मांसाहार किंवा मद्य चालणार नसेल तर तेही आधीच कळू द्या. दत्ताच्या यात्रेचे गाव आहे, घराचा नियम पाळावाच लागतो.

घर बघायला जाल तेव्हा दिवाणखान्यातले कोरीव खांब पाहून हुरळून जाऊ नका. थेट परसात जा. संडास किती, आत की बाहेर, रात्री तिथे दिवा आहे का? नळाला पाणी किती वाजता येते, टाकी किती लिटरची? दहा माणसांना एक संडास चार दिवस पुरत नाही. मग जिना. लाकडी जिना अरुंद आणि उभा असतो, गुडघे दुखणाऱ्या आजींना माडीवर झोपवता येणार नाही. त्यांच्यासाठी खालची खोली मागून घ्या. प्रत्येक दाराची कडी आतून लागते का, हे स्वतः लावून पाहा. कडीला कोयंडाच नाही, असे दार निघू शकते.

शेवटी विजेचे बोर्ड बघा. जुन्या वायरिंगवर एकाच वेळी दोन गिझर आणि इस्त्री चालत नाही. डिसेंबरात खानदेशात रात्री कडाक्याची थंडी असते, त्यामुळे गरम पाणी कसे मिळणार आणि पांघरुणे कुणाची, हे विचारून घ्या. गाद्या-गोधड्यांचे पैसे वेगळे लागतात ते इथेच.

आता खर्च. पुढचे आकडे बाजारभाव नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. समजा, मालकाने रात्रीचे 6,000 रुपये सांगितले आणि तुम्ही चार रात्री राहणार. भाडे 24,000. दहा जणांच्या गाद्या-पांघरुणांचे माणशी रोज 50 धरले तर 2,000. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे रोज 800, म्हणजे 3,200. पाण्याचा एक टँकर 1,000. निघताना सफाईचे 1,500. वीज मीटरप्रमाणे 800. एकूण 32,500. भाड्यावर 8,500 चढले. म्हणून दर विचारताना ‘यात काय काय आले?’ असे मोघम विचारू नका. पाणी, वीज, अंथरूण, गॅस सिलिंडर, सफाई आणि गाडी लावायची जागा ही सहा नावे घेऊन विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मीटरच्या आकड्याचा फोटो पोचल्याबरोबर काढा.

गाडीचा मुद्दा लहान वाटतो, पण तो लहान नाही. यात्रेच्या मुख्य दिवसांत गाडी गल्लीपर्यंत जाईलच असे धरू नका. गाडी लांब लावावी लागली तर सामान कोण आणणार आणि रात्री गाडीजवळ कोण थांबणार, हे मालकाशी बोलून ठेवा.

जीएसटीबाबत सावध राहा. 22 सप्टेंबर 2025 पासून निवासाच्या सोयीवर एका खोलीचा दिवसाचा दर 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के कर आहे. घरमालकाची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याला हा कर मागता येत नाही. मागितला तर नोंदणी क्रमांक असलेले बिल मागा. बुकिंग संकेतस्थळावरून केले तर मात्र मालक नोंदणीकृत नसला तरी कर लागतो, तो संकेतस्थळ घेते, शिवाय त्याचे सेवाशुल्क वेगळे. अख्खा वाडा एकच जागा म्हणून 9,000 ला लावला की 18 टक्के. चार खोल्यांचे वेगळे दर लावले तर प्रत्येक खोली 5 टक्क्यांत बसू शकते. बिल खोलीनिहाय होईल का, हे बुकिंगच्या आधी विचारा, नंतर ते बदलत नाही.

चार-पाच दिवसांसाठी करारनामा नोंदवत बसायची गरज नाही. एका पानावर तारखा, खोल्या, भाडे, अनामत, बुकिंग रद्द झाल्यास परतावा आणि दोघांच्या सह्या एवढे पुरे. दोघांच्या आधार कार्डाच्या प्रती सोबत ठेवा, त्यावर ‘फक्त मुक्कामासाठी’ असे लिहून. आगाऊ रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या. ती एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका. अनामत परत कधी मिळणार, तो दिवस कागदावर हवा. आत शिरताच कोरीव दारे, जुने आरसे, हंड्या-झुंबरे यांचे मालकासमोर फोटो काढा. आधीची चीर तुमच्या नावावर चढायला नको.

काही महिन्यांसाठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी. मग लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा नोंदवाच. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि परताव्याच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्या रकमेवर. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क 500 रुपये, शहरी भागात 1,000. उदाहरणार्थ, महिना 20,000 भाडे, 11 महिने, अनामत 50,000. मुद्रांक शुल्क 600 रुपयांच्या आत बसते. त्यात दस्त हाताळणी शुल्क मिळवा, एजंटाची फी वेगळी. सरकारी खर्च एवढाच आहे. कुणी ‘सगळे मिळून’ पाच-सहा हजार सांगत असेल तर पावत्या मागा. नोंदणी आधार पडताळणीने ऑनलाइन होते. ती जमत नसेल तर शहाद्याचे दुय्यम निबंधक कार्यालय. जास्त दिवस राहणाऱ्यांची माहिती सारंगखेडा पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.

परदेशातून येणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. तुमच्यापैकी कुणाचा पासपोर्ट परदेशी असेल तर घरमालकाने 24 तासांच्या आत त्यांच्या मुक्कामाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरायला हवा. गावातल्या मालकाला हे ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. त्यांना निघण्याआधीच सांगा आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती पाठवून ठेवा.

घोडा आणणार असाल तर अंगणात बांधायची परवानगी, चाऱ्याची जागा आणि लिदीची सफाई हे भाड्याच्या बोलण्यातच घ्या. आरोग्य प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स चाचणीचा अहवाल सोबत ठेवा. कोणता अहवाल किती दिवस चालतो, हे निघण्यापूर्वी तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

सुरत–भुसावळ मार्गावरचे दोंडाईचा हे सोयीचे रेल्वे स्थानक. तिथून पुढे तापीवरच्या पुलावरून गावात शिरावे लागते. पुलावरची वाहतूक सुरळीत आहे का, आणि यात्रेसाठी कुठे वळण दिले आहे, हे निघायच्या दिवशी सकाळी घरमालकालाच फोन करून विचारा.