लिलावाची वही : विकलेले आणि न विकलेले



मागच्या महिन्यात पाचवीतल्या एका मुलाने वर्गात पाच रुपयांचं नाणं आणलं. २०१२ चं, माता वैष्णोदेवीचं चित्र असलेलं. "मॅडम, याचे लाखो रुपये मिळतात! पप्पांनी मोबाईलवर बघितलं." पप्पांनी बघितलेल्या त्या लिलावाची मुदत कधीच संपली होती. नाणं कोणी घेतलंच नव्हतं, पण किंमत मात्र तशीच झळकत होती. वर "आधी नोंदणी फी भरा" असा फोनही त्यांना आलेला. नशीब, पैसे भरायच्या आधी त्यांनी शाळेत विचारलं. आमच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी कोणी फी मागत असेल तर फसू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलेलं आहे.

म्हणून हा पाठ.

विकणारा मागतो ती किंमत वेगळी आणि सौदा होतो ती वेगळी. कांद्याचा लिलाव आठवा. बाजार समितीच्या फलकावर किमान, कमाल आणि सरासरी भाव लिहितात. ते झालेल्या सौद्यांचे असतात. शेतकऱ्याला किती हवे होते, ते फलकावर येत नाही.

आता एक तिकीट बघू. ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटचं. १८७३ मध्ये ते एका १२ वर्षांच्या शाळकरी मुलाला सापडलं आणि त्याने ते काही शिलिंगांना विकून टाकलं! पुढे १९८० मध्ये ते ९ लाख ३५ हजार डॉलरला गेलं, २०१४ मध्ये ९४ लाख ८० हजारांना आणि २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना. म्हणजे भाव उतरलासुद्धा. आणखी एक गंमत. २०१४ ला हातोडा पडला तो ७९ लाखांवर. वरची रक्कम खरेदीदाराने दिलेल्या कमिशनची. आपण कोणता आकडा लिहिला, तेही वहीत लिहायला हवं.

आमच्या शाळेतल्या संग्रहाच्या वहीत आम्ही असं करतो. चालू लिलाव पुढच्या पानांवर. वस्तू विकली गेली की ती ओळ खोडायची नाही. "विकले", तारीख आणि शेवटची किंमत लिहून ती मागच्या पानांवर उतरवायची. पुढच्या वेळी तसंच तिकीट आलं की भाव तिथेच सापडतो. वस्तूची स्थितीही लिहायची, कारण कोपरा फाटलेल्या तिकिटाचा भाव चांगल्या तिकिटाला लावून काय उपयोग?

बोली आलीच नाही किंवा राखीव किंमतीपर्यंत पोचली नाही, तर "मुदत संपली, विकले नाही". तीच वस्तू परत ठेवायची असेल तर नवीन ओळ, नवीन तारीख. जुन्या ओळीत नुसती तारीख बदलायची नाही. मुलं हमखास तेच करतात (मोठेही करतात!). मग ती वस्तू आधी दोनदा पडून राहिली होती, हे घेणाऱ्याला कळतच नाही.

त्या मुलाने मोबाईलवरच्या त्या नाण्याचीही नोंद केली. मुदत संपली, विकले नाही. शेवटच्या रकान्याशी येऊन तो थांबला.

"मॅडम, किंमत किती लिहू?"

"रेघ मार," मी म्हटलं.